बुन्सेनच्या खोलीत मीठ नेऊ नका

आधी खिसे रिकामे करा. खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी, सकाळपासून कपाळ पुसलेला रुमाल, दोन्ही बाहेर ठेवा. हात धुवा. पुन्हा धुवा, आणि या वेळी नळाच्या नाही, डिस्टिल्ड पाण्याने. एवढं करूनही तुम्ही पकडले जाणारच आहात, पण निदान दारातच नको.

पाय टेकतात ते हायडलबर्गच्या हाउप्टस्ट्रास नावाच्या लांबच लांब रस्त्यावर. १८५९ सालची हिवाळ्याची चाहूल. पहिल्याच श्वासाला नाक आतून चुरचुरतं. दगडी फरशीवरून घोडागाड्यांची चाकं खडखडत जातात आणि त्या आवाजात शेजारच्या माणसाचं बोलणंही नीट ऐकू येत नाही. ताजी लीद, ओल्या लाकडाचा धूर, कुठल्याशा तळघरातून येणारा नव्या वाइनचा आंबूस वास. रंगीत टोप्या घातलेली पोरं घोळक्याने तुमच्या अंगावरून जातात. एकाच्या गालावर तलवारीचा व्रण आहे आणि तो गाल त्याने मुद्दाम तुमच्याकडे वळवलाय. विद्यार्थी आहेत, द्वंद्व खेळून मिळवलेली जखम इथे मिरवायची असते. वर टेकडीवर लाल दगडाचा पडका किल्ला, खाली नेकार नदीवर धुकं. बघत उभे राहू नका, धक्के बसतील. आपल्याला प्रयोगशाळेत जायचंय.

ती शोधायला पत्ता लागत नाही. नाक पुरे. कुजक्या अंड्यांचा वास जिथून येतो तिकडे वळा. हा हायड्रोजन सल्फाइड. क्षारांच्या द्रावणातून तो सोडला की धातू रंगीबेरंगी साका होऊन खाली बसतात, आणि या काळातलं निम्मं रसायनशास्त्र त्या साक्यावर चाललंय. त्यात कोळशाचा गॅस, त्यात क्लोरिनची झणझण, आणि या सगळ्यावर सिगारचा जाड धूर. मेंडेलीव्ह नावाचा पंचविशीतला एक रशियन तरुण इथे शिकायला आला होता. त्याला हा वास सोसेना. त्याने सरळ आपल्या बिऱ्हाडातच प्रयोगाचं टेबल मांडलं. तुम्हाला तेवढी सवलत नाही. तोंडाने श्वास घ्या आणि आत चला.

सिगारमागे जो आडवातिडवा, सहा फुटी माणूस दिसतोय तो रॉबर्ट बुन्सेन. वय अठ्ठेचाळीस, लग्न केलेलं नाही, कोट कुठल्या रंगाचा होता हे आता सांगता येणार नाही. तो तुमच्याकडे मान किंचित वळवून बघेल, कारण उजव्या डोळ्याने त्याला दिसत नाही. तरुणपणी आर्सेनिकच्या एका संयुगावर काम करताना नळी फुटली आणि काच डोळ्यात गेली. त्याच्या हातांकडेही बघा. आपण चिमट्याने उचलू ती तापलेली मूस तो बोटांनी उचलतो. बोटं भाजल्याचा वास येतो तेव्हा विद्यार्थी एकमेकांकडे बघून हसतात, तोही हसतो आणि पुढच्या कामाला लागतो.

टेबलावर त्याचा दिवा जळतोय. तुम्ही नववीत पाहिलेला तोच, खाली हवेची भोकं असलेला. विद्यापीठातल्या पीटर डेझागा नावाच्या कारागिराने तो घडवलाय. तेव्हा तुम्हाला तो कंटाळवाणा वाटला असेल. आता जवळ वाका. कानशिलं तापतात, कानात बारीक फुरफुर येते, पण ज्योत शोधावी लागते इतकी ती फिकी. सगळी करामत त्या फिकेपणात आहे. मेणबत्ती स्वतःच इतकी पिवळी की तिच्यात टाकलेल्या वस्तूचा रंग ओळखायचा कसा? या ज्योतीला स्वतःचा रंग जवळजवळ नाहीच. प्लॅटिनमच्या तारेच्या टोकाला क्षाराचा कण घेऊन आत धरला, की जो रंग उमटेल तो त्या कणाचा.

पण रंग फसवतात. लिथियम लाल, स्ट्राँशियमही लाल. दोन क्षार एकत्र असले तर भडक रंग फिक्या रंगाला गिळून टाकतो. बुन्सेन आजवर निळ्या काचा आणि निळीच्या पाण्यातून ज्योत बघत होता, म्हणजे नको तो रंग गाळून. मग त्याच्या मित्राने, गुस्टाव किर्खोफने, सुचवलं की गाळत कशाला बसतोस, प्रिझम लावून उजेडच उलगडून बघ. मला विचाराल तर या दोघांची जोडी निम्म्या शोधाची धनी आहे. हा किर्खोफ बघा: पस्तिशीचा, किडकिडीत, तोंड मिटत नाही. बुन्सेन अवाढव्य आणि कमी बोलणारा. एकाला पदार्थ हाताळता येतात, दुसऱ्याला गणित. दोघं रोज फिरायला एकत्र जातात.

आता ती प्रिझमची पेटी. तिच्यासाठी एवढं अंतर आलात, आणि बघून तोंड पडलं ना? आतून काळी केलेली लाकडी पेटी, दोन बाजूंना दुर्बिणींच्या नळ्या, मध्ये काचेचा पोकळ प्रिझम. त्यात कार्बन डायसल्फाइड भरलंय. बूच जरा सैल झालं की डोक्यात जाणारा वास सुटतो. एका नळीच्या तोंडाशी बारीक चीर, तिच्यासमोर ज्योत. दुसऱ्या नळीला डोळा लावायचा. लावा. धातूची कड गालाला थंड लागते. आत अंधार.

आणि अंधारात एक झगझगीत पिवळी रेघ.

ज्योतीत तर काहीच धरलेलं नाही! बुन्सेन मान वळवून तुमच्याकडे बघतोय. पकडले गेलात. तुम्ही डोळा लावायला वाकताना कोटाची बाही झटकली, तेवढी धूळ पुरली. ती रेघ सोडियमची, म्हणजे मिठाची. तुमच्या घामातलं, शेंगदाण्यांच्या पुडीतलं, आणि खरं सांगायचं तर कुठलंही. टेबलाजवळ कुणी धुळकट पुस्तक आपटून मिटलं तरी ज्योत पिवळी होते. समुद्राच्या लाटा फुटतात, तुषार हवेतच वाळतात, त्यातले मिठाचे कण वाऱ्यावर जगभर फिरतात. कोकणातल्या माणसाला खिडकीच्या गजांकडे बोट दाखवलं की पुरे. पण हायडलबर्गपासून समुद्र कुठल्या कुठे, आणि तरी तो इथे या खोलीत आहे.

ही पिवळी रेघ याआधी पुष्कळांना दिसली होती. जिथे तिथे दिसायची, म्हणून तिचा अर्थ लागेना. या दोघांनी प्रत्येक क्षार पुन्हा पुन्हा शुद्ध केला, आणि मगच म्हणाले की ही रेघ सोडियमचीच, ती सगळीकडे दिसते कारण मीठ सगळीकडे आहे. कपड्यांवर राख सांडणाऱ्या माणसाने स्वच्छतेचा असा हट्ट धरावा याची मला फार गंमत वाटते.

आता कान झाका. खोलीच्या लांबच्या कोपऱ्यात सोडियम क्लोरेट आणि दुधातली साखर यांचं मिश्रण पेटवणार आहेत. क्लोरेट किती? तीन मिलिग्रॅम. फट्! एवढासा पांढरा धूर. खोली ६० घनमीटरची, दारं-खिडक्या बंद, सगळे गप्प. तुम्ही नळीला डोळा लावून बसलाय, मान अवघडलीय, सिगारच्या धुराने घसा खवखवतोय. काही मिनिटं जातात. मग ज्योत हळूहळू पिवळी होते, रेघ उजळते, आणि दहा मिनिटांनी कुठे विझते. बुन्सेन कागदावर हिशेब मांडतो. एका मिलिग्रॅमचे दहा लाख भाग केले, तर त्यातले तीन या डोळ्याला दिसतात. तराजू हातात धरून म्हातारे झालेले रसायनशास्त्रज्ञ हे वाचून काय म्हणतील, याची कल्पना करा.

मग सगळ्या गावाला एक खूळ लागल्यासारखं होतं. जे हाताशी येईल ते जाळायचं. बुन्सेनच्या सिगारची राख आम्लात भिजवून तारेवर घेतात: लिथियमची लालभडक रेघ. लिथियम म्हणजे चार दुर्मिळ खनिजांतला धातू अशी आजवरची समजूत. तो हा माणूस रोज ओढत होता! द्राक्षांत सापडतो, वेलीच्या पानांत सापडतो, इथल्या चाऱ्यावर पोसलेल्या जनावरांच्या दुधात, समुद्राच्या पाण्यात. तुम्ही मनातल्या मनात पुढची यादी करताय, ठाऊक आहे मला. काही वर्षांत रक्ताचा थेंब असाच प्रिझमसमोर येईल आणि त्यातल्या काळ्या पट्ट्यांवरून त्यात प्राणवायू आहे की नाही ते कळेल. पोलाद ओतणारे लोक भट्टीच्या तोंडाच्या ज्वाळेत रेघा बघून झोत कधी बंद करायचा ते ठरवतील. पण इथे ओठ मिटून बसायचं. पाहुण्याने यजमानाला त्याच्या नातवंडांची नावं सांगू नयेत.

ऊन पडलंय, चला, किर्खोफकडे. त्याची प्रयोगाची खोली त्याच हाउप्टस्ट्रासवर, 'हाउस झुम रीझन' नावाच्या जुन्या वाड्यात. पडदे ओढलेले, फटीतून एकच कवडसा आत घेतलेला. या नळीतून सूर्य बघायचा म्हणजे सात रंगांचा सलग पट्टा, आणि त्यात ठिकठिकाणी काळ्या रेघा. म्यूनिकच्या फ्राउनहोफरने पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्या शेकड्यांनी मोजल्या, ठळक रेघांना अक्षरं दिली. पिवळ्यातल्या जोडरेघेचं नाव 'डी'. मिठाची पिवळी रेघ नेमकी तिथेच पडते. किर्खोफ कवडशाच्या वाटेत मिठाची ज्योत ठेवतो. काळी फट पिवळ्या उजेडाने भरून निघणार असा त्याचा कयास. ऊन मंद असताना भरतेही. मग ढग सरकतो, ऊन कडक होतं, आणि रेघ भरण्याऐवजी अधिकच काळी पडते!

त्याचं बोलणं थांबतं. या माणसाचं बोलणं थांबणं ही मोठी घटना आहे.

मिठाची वाफ जो पिवळा उजेड टाकते तोच उजेड ती गिळतेही. मागून येणारा प्रकाश ज्योतीपेक्षा फार प्रखर असला तर टाकण्यापेक्षा गिळणं जास्त दिसतं. म्हणजे सूर्याच्या प्रकाशातून 'डी' गायब आहे, कारण तो प्रकाश निघताना सोडियमच्या वाफेतून आलाय. सूर्यावर मिठातला सोडियम आहे. तुम्ही बाहीवर आणलात तोच. किर्खोफ लगेच बर्लिनच्या अकादमीला कळवायला बसतो. तुम्ही पडदा बाजूला करून रस्त्यावर बघता, तिथे एक बाई कोबीचा गड्डा हातात घेऊन भाव करतेय आणि गाडीवाला तिला बाजूला हो म्हणून ओरडतोय.

एका रात्री बुन्सेनच्या खिडकीतून क्षितिजावर लाल उजेड दिसतो. मानहाइमला आग लागलीय, इथून पंधरा-वीस किलोमीटरवर. दोघं पेटी खिडकीकडे वळवतात आणि ज्वाळांत बेरियमच्या हिरव्या, स्ट्राँशियमच्या लाल रेघा ओळखतात. इतक्या लांबची आग कळते तर सूर्य का नाही, हे त्यांना त्या रात्रीनंतर फिरायला गेल्यावर सुचलं असं पुढे रंगवून सांगतात. गोष्ट फारच बेतशीर आहे, माझा तिच्यावर पुरता विश्वास नाही. सूर्याचं कोडं सुटलं ते त्या कवडशात. पण नऊ वर्षांनी लोक खरोखरच असल्या नळ्या घेऊन सूर्यग्रहणासाठी हिंदुस्थानात येतील. फ्रान्सचा खगोलशास्त्रज्ञ यान्सन गुंटूरला, लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीला, ढगांशी झगडत. (इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयरने विजयदुर्गावरून हेलियम शोधला असं कुणी तुम्हाला सांगितलं असेल. तो तेव्हा इंग्लंडमध्येच होता.)

आता काही महिने पुढे उडी मारा. १८६०. ड्युर्कहाइमच्या झऱ्याचं पाणी आलंय, खारट, लोक तब्येतीसाठी पितात ते. बुन्सेनने त्यातला चुना, स्ट्राँशियम, लिथियम काढून टाकलंय आणि उरलेला थेंब ज्योतीत धरलाय. डोळा लावा. निळ्या भागात दोन रेघा, अगदी शेजारीशेजारी. कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याला त्या जागी अशी जोडी नाही. बुन्सेन काही बोलत नाही, तुम्हाला नुसता बाजूला सारतो आणि स्वतः पुन्हा बघतो. या रंगावरून तो या नव्या मूलद्रव्याला सीझियम म्हणणार आहे, आणि वर्षभरात एका जांभळट अभ्रकातून रुबिडियमच्या गडद लाल रेघाही काढणार आहे.

पण रेघ दिसली म्हणजे पदार्थ मिळाला असं नाही. रसायनशास्त्रज्ञांना बाटलीत काहीतरी दाखवावं लागतं. म्हणून आता ४४ टन पाणी आटवायचं. ते कारखान्यात होतं. वाफेने भिंती गळतात, मिठाची खपली ओठांवर जमते. मग उरलेल्या गाळावर बुन्सेनच्या टेबलाशी तुमची पाळी. प्लॅटिनमच्या क्षाराने पिवळा साका पाडायचा, उकळत्या पाण्याने धुवायचा, पोटॅशियम निघालं का ते नळीतून बघायचं, नाही निघालं, पुन्हा धुवायचा. हात लाल होतात, पाठ मोडते, बाहेर पोरं गात नदीकडे जातात. शेवटी सीझियमचा क्षार उरतो जेमतेम सात ग्रॅम. बुन्सेन तो उजेडात धरून बघतो, मान डोलावतो, आणि पुन्हा धुवायला तुमच्याच हातात देतो, कारण नळीत अजून पोटॅशियमची एक पुसट लाल रेघ दिसतेय.