‘सुमारें’ या शब्दाची किंमत

इतिहास म्हटला कीं लढाया आणि तहनामे डोळ्यांपुढें येतात. आज मी मात्र वर्तमानपत्राच्या मथळ्यांतून गळालेल्या एका शब्दाचा इतिहास सांगणार आहें.

सन २००३. युरोपांत जिनीव्हा शहरीं मोटारींचें प्रदर्शन भरलें होतें. तेथें लंडनच्या ‘फायनॅन्शियल टाइम्स’ पत्राशीं बोलतांना रतन टाटा यांनीं स्वस्त मोटार काढण्याचा मनोदय सांगितला. स्कूटरवर दाटीनें बसून पावसांत जाणाऱ्या कुटुंबांना पाहून तो त्यांच्या मनांत आला होता. किंमत विचारली तेव्हां ते म्हणाले, सुमारें एक लाख रुपये. दुसऱ्या दिवशीं मथळा आला तो लाखाच्या मोटारीचा! टाटांनींच पुढें सांगितलें आहे कीं, आपण नेमकें तसें बोललों नव्हतों म्हणून प्रथम खुलासा धाडावा असें त्यांना वाटलें. मग त्यांनीं तोच आंकडा लक्ष्य म्हणून स्वीकारला.

पुण्याच्या संशोधन केंद्रांतील अभियंत्यांनीं त्या आंकड्यासाठीं बारीकसारीक खर्चाशीं झगडा मांडला. दोन सिलिंडरचें, ६२३ घनसेंटिमीटरचें इंजिन मागील बाजूस बसविलें. १० जानेवारी २००८ रोजीं दिल्लीस ‘नॅनो’ लोकांपुढें आली. मधल्या काळांत पोलाद महागलें होतें, तरी टाटांनीं दिलेला शब्द राखला. मात्र लाख ही विक्रेत्याची किंमत असून कर व वाहतूक वेगळी, हें त्यांनीं तेथेंच स्पष्ट केलें होतें. मथळ्यांत पुन्हा नुसता लाख उरला.

त्या दिवसांत मी परतूरला शिकवीत असें. मींही वर्तमानपत्र वाचून फळ्यावर लाखाच्या मोटारीचें गणित घातलें. एका शेतकऱ्याच्या मुलानें विचारलें, “गुरुजी, दारांत उभी राहीपर्यंत किती पडेल?” मजजवळ उत्तर नव्हतें. बापाबरोबर मोंढ्यांत जाणाऱ्या त्या पोराला ठाऊक होतें कीं, पुकारलेला भाव आणि हातीं पडणारा पैसा एक नसतो. मला तें सुचलें नाहीं, याची आजही लाज वाटते.

२३ मार्च २००९ रोजीं मुंबईंत गाडीची विक्री जाहीर झाली. ग्राहकास ती लाखाहून अधिक पडूं लागली. दुसरीकडे ‘सर्वांत स्वस्त’ ही पदवी तिला कायमची चिकटली. आपल्याकडे मोटार ही प्रतिष्ठेचीही वस्तु. स्वस्तपणा मिरविण्यास कोण पैसे देईल? या पदवीबद्दल टाटांनीं पुढें खेद दर्शविला, आणि लोकांबरोबर कंपनीच्या प्रचारालाही दोष दिला. सिंगूरचा तंटा, कारखान्याचें साणंदला स्थलांतर, हींही विघ्नें होतींच. २०१८ सालीं उत्पादन थांबलें.

एका अर्धवट मथळ्यानें अभियंत्यांना ध्येय दिलें, आणि दुसऱ्यानें ग्राहकांना चुकीची आशा लावली. पहिल्या वेळीं चूक ज्यांची नव्हती त्यांनीं ती अंगावर घेतली. दुसऱ्या वेळीं ती निस्तरण्यास कोणीच पुढें आलें नाहीं. उद्यां नव्या यंत्राची बातमी आपल्या घरीं येईल, तेव्हां मुलांनीं त्या पोराचा प्रश्न विचारला तर त्यांना गप्प बसवूं नका.