फटीत थिजलेली भिंत

संगमनेरच्या आसपासच्या टेकड्यांवर काळ्या भिंती आहेत. त्यातल्या एकीपाशी तुम्ही थांबला आहात. कुणी बांधलेली नाही, तरी ओळंब्यात आखल्यासारखी सरळ. दगड मोळीतल्या लाकडांसारखे आडवे, एकावर एक. तळवा टेकवा आणि काळाला मागे जाऊ द्या.

प्रवरेने वाहून नेलेली माती, मुरूम, कातळ परत येतात. भिंत बुडते, तुम्हीही. 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या जमिनीच्या पोटात तुम्ही उभे आहात. डोक्यावर कळसूबाई नाही, सह्याद्री नाही. लाव्ह्याचे थर आहेत, आणि ते पाठीवर घेऊन भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून उत्तरेला सरकतो आहे.

समोरचा बॅसाल्ट तडकतो. फट रुंदावते आणि अकराशे अंशांच्या आसपास तापलेला शिलारस तीत चढतो. अशाच काही फटींतून तो वर निघून पठारभर पसरला. हा मात्र इथेच अडला.

काठाशी बघा: गार कातळाला टेकताच रस गोठला, स्फटिकांना वाढायला सवडच मिळाली नाही. मध्याकडे सरका. इथे ऊब कोंडलेली आहे. फेल्डस्पारच्या पांढुरक्या काड्या सावकाश लांबतात, त्यांच्या सांदीत पायरॉक्सिनचे काळपट दाणे धरतात. थिजताना खडक आकसतो, भेगा दोन्ही काठांकडून आत शिरतात. मोळी आडवी पडली ती यामुळे.

शाळेत पाठ केलेली नावं इथे उभं राहून पटतात. हाच रस वर पसरून लवकर निवला की बारीक कणांचा बॅसाल्ट, फटीत मध्यम कणांचा डोलेराइट, फार खोलवर रेंगाळला तर जाड कणांचा गॅब्रो. घटक तेच, सवड वेगळी. ग्रॅनाइटही खोलवरच निवतो, पण त्याच्या रसात सिलिका जास्त, म्हणून तो फिका. थर कापत उभी घुसते ती डाइक, थरांच्या मधून पसरते ती सिल.

आता परत या. लाखो पावसाळे शेजारचा कातळ झिजवतात, चिवट डोलेराइट तेवढा उरतो. काठावर बोट फिरवा, कण जाणवत नाही. मग मधल्या भागातली ताजी कपची उचलून उन्हात तिरकी धरा. त्या काड्या चमकतात.