तेजी, मंदी आणि वऱ्हाडचा कापूस

सट्टा म्हटला कीं सुशिक्षित माणसाच्या कपाळास आठी पडते, आणि ती अकारण नव्हे. अमेरिकेंतील यादवी युद्धानें (१८६१–६५) चढविलेले कापसाचे भाव युद्ध संपतांच कोसळले. १८६५ च्या १ जुलैस वायदे फेडण्याचा दिवस उगवला आणि मुंबईंतील कित्येकांचें दिवाळें वाजलें. पण एक गोष्ट आपण विसरतों. मुंबईचा सटोडिया आपखुषीनें भावाशीं खेळत होता. वऱ्हाडांतील कास्तकार मात्र न खेळतांहि त्याच भावाच्या हातीं सांपडला होता. तेव्हां सट्टा बरा कीं वाईट, ह्यापेक्षां भावाची जोखीम कोणीं वाहावी, हा खरा प्रश्न होय.

ही जोखीम वांटून घेण्याची एक युक्ति मुंबईच्या कापूसबाजारास जुनीच ठाऊक होती. ठरल्या भावानें पुढें माल घेण्याचा हक्क ती 'तेजी', विकण्याचा हक्क ती 'मंदी', आणि त्या हक्कासाठीं आगाऊ मोजावयाचा पैसा तो 'नजराणा'. पुढें त्यावर जुगार माजला, म्हणून मुंबई प्रांतांत १९३९ सालीं कापसांतील असे सौदे कायद्यानें बंद झाले. १९५२ च्या वायदेबाजाराच्या कायद्यानें इतर मालासहि देशभर तीच बंदी लागू केली.

हे हक्क एकमेकांस जोडतांहि येतात. समजा, यवतमाळच्या एका कास्तकारास २० क्विंटल कापसाची आशा आहे आणि भाव क्विंटलास ७००० रुपये आहे. त्यानें ६५०० ची मंदी २०० रुपये नजराणा देऊन घेतली व ७६०० ची तेजी तितकेच घेऊन विकली, तर खर्च शून्य. भाव ५५०० वर आला तरी त्यास ६५०० मिळतात, ९००० झाला तरी ७६०० च. ह्यास आज कॉलर म्हणतात. दुसरा मार्ग स्प्रेडचा. ६५०० ची मंदी २०० ला घ्यावी व ५८०० ची ८० ला विकावी. खर्च १२०, भाव ५५०० झाल्यास हातीं ६०८० पडतात, पण चढत्या भावास अटकाव नाहीं.

कागदावर कॉलर सरस दिसते. परंतु कोरडवाहू मुलखांत भाव चढतो तो पुष्कळदां पीक बुडाल्यामुळेंच. पाऊस हुकला, बोंडअळी आली आणि २० ऐवजीं ५ च क्विंटल घरीं आले, तर विकलेली तेजी उरलेल्या १५ क्विंटलांपुरती उघडी पडते. ९००० च्या भावानें २१००० रुपये पदरचे भरावे लागतात. स्प्रेडमध्यें फार तर नजराणा बुडेल. म्हणून कॉलर ही, ज्याचा माल गुदामांत आला आहे अशा जिनवाल्याची सोय. ज्याचा माल अद्याप आभाळाच्या हातीं आहे, त्यानें तेजी विकूं नये.

ह्या दृष्टीनें महाराष्ट्राची कापूस एकाधिकार खरेदी योजना (१९७२) पाहण्यासारखी आहे. सरकारनें हमीभाव दिला, ही विनानजराण्याची मंदी झाली. बाहेर विकण्यास मनाई केली, ही कास्तकाराकडून सक्तीनें घेतलेली तेजी झाली. बोनसमुळें ती कांहींशी सैल होती, एवढेंच. सबंध प्रांतावर घातलेली ती कॉलरच होय! मात्र पिकेल तेवढ्याच कापसास ती लागू असल्यानें बुडालेल्या पिकाचा दुहेरी दंड तींत नव्हता. बाहेर भाव चढे तेव्हां कापूस चोरून शेजारच्या राज्यांत जाई. उतरे तेव्हां तोट्याचा भार सरकारवर येई. सुमारें तीस वर्षांनीं ती योजना मोडली.

२०१७ सालीं सेबीनें मालाच्या वायद्यांवरील हे हक्कांचे सौदे पुन्हां मोकळे केले. ज्या यवतमाळ जिल्ह्यांत कर्ज व पडलेला भाव ह्यांपायीं कास्तकारांनीं जीव दिले, तेथें हें साधन केवळ जुगार म्हणून झटकून टाकणें ही मला पोटभरल्यांची चैन वाटते. पण तें कास्तकाराच्या हातीं देणारांनीं त्याचा नजराणा कोण भरणार, हें आधीं सांगावें. १९७२ सालीं सरकारनें ह्या प्रश्नास दिलेलें उत्तर चुकलें असेल. प्रश्न मात्र त्यानें बरोबर ओळखला होता.