निंजांची हत्यारे आणि आपली विळी

मंडळाच्या चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा मी लोणच्यांवर किंवा चातुर्मासावर काही लिहीन असे त्यांना वाटले असेल. मी सातवी शिकलेली गृहिणी. इतिहासावर लिहिण्याचा माझा अधिकार तो काय! तरीही जपानातील निंजा नावाच्या हेरांच्या हत्यारांवर चार ओळी लिहीत आहे. त्याला कारणही तसेच घडले आणि ते आपल्या आळीतील बहुतेक भगिनींना ठाऊक आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या धाकट्याने तेलाच्या डब्याचा पत्रा कापून टोकदार चांदण्या केल्या. टीव्हीवरच्या कार्टूनमधला काळ्या कपड्यांतला निंजा तशा चांदण्या फेकतो. हाही मागील दारच्या भिंतीवर फेकत बसला. एक चांदणी भिंतीवर आपटून उलटी आली आणि शेजारच्या वहिनींच्या मुलीच्या भुवईला लागली. दोन टाके पडले. बोटभर खाली लागती तर डोळाच गेला असता. वहिनी मला एक शब्द लागेलसा बोलल्या नाहीत, आणि त्यामुळेच मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. चांदण्या भंगारवाल्याला दिल्या, मुलाला दोन धपाटे दिले. पण आठच दिवसांत तो पुठ्ठ्याच्या चांदण्या कापताना दिसला. तेव्हा मनात आले, हे खूळ आहे तरी काय, ते आपणच नीट समजून घ्यावे. माझ्या भाचीने इंग्रजी पुस्तके वाचून मला मराठीत सांगितली. जे समजले ते भगिनींपुढे ठेवते.

जपानात क्योतो या जुन्या राजधानीपासून जवळच इगा आणि कोगा असे दोन डोंगराळ मुलूख आहेत. इगा आता मिए प्रांतात मोडतो, कोगा शिगा प्रांतात. सोळाव्या शतकात जपानातील सरदार एकमेकांशी सतत लढत होते. इग्यावर मात कोणा बड्या सरदाराची पकड नव्हती. तिथले लहान लहान जमीनदार आणि शेतकरी एकजूट करून आपला कारभार आपणच पाहत. असल्या लोकांनी मोठ्या फौजेपुढे टिकायचे कसे? डोंगर, अंधार आणि बातमी यांच्या बळावर. त्यांतूनच हेरगिरीची ही विद्या वाढली. त्या काळी या लोकांना ‘शिनोबी’ म्हणत. ‘निंजा’ हा उच्चार रूढ झाला तो विसाव्या शतकात.

१५७९ मध्ये ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराच्या मुलाने इग्यावर स्वारी केली. तिचा इगावाल्यांनी पुरता धुव्वा उडवला. १५८१ मध्ये नोबुनागाने प्रचंड सैन्य धाडले आणि इगा बेचिराख केला. पुढच्याच वर्षी नोबुनागा क्योतोत दगाफटक्याने मेला. त्याचा मित्र तोकुगावा इएयासु हा मोजक्या माणसांनिशी अडकून पडला होता. तो इग्याच्या डोंगरांतून निसटून आपल्या मुलखात सुखरूप पोचला. त्या वाटेवर इगावाल्यांनी त्याला मदत केली, असे सांगतात. हाच इएयासु १६०३ मध्ये जपानचा सर्वाधिकारी झाला आणि त्याने इगा-कोग्याच्या लोकांना चाकरीत घेतले. पुढे दीर्घ काळ शांतता नांदली. विद्या विसरली जाऊ नये म्हणून जुन्या घराण्यांतील माणसांनी ती लिहून ठेवली. १६७६ मधला ‘बानसेनशुकाई’ आणि १६८१ मधला ‘शोनिन्की’ हे त्यांतले प्रसिद्ध ग्रंथ.

आता हत्यारांकडे वळते. मला वाटले होते, ही काही अघोरी शस्त्रे असतील. पाहते तो सारा संसारच! कुनाई म्हणून जे हत्यार मुले सुरीसारखे फेकतात, ते मुळात माती उकरण्याचे आणि भिंत पोखरण्याचे खुरप्यासारखे अवजार. शिकोरो ही पानाच्या आकाराची लहान करवत. कुसारीगामा म्हणजे साखळी आणि वजन लावलेला शेतातला विळा. माकिबिशी म्हणजे पाठलाग करणाऱ्याच्या वाटेवर टाकायचे काटे. लोखंडी काटे असतच. पण भगिनींनो, साधे काटे कशाचे असत? वाळवलेल्या शिंगाड्याचे! आपण ज्याचे पीठ एकादशीला खातो, त्याच जातीच्या फळाचे. जपानी शिंगाड्याचे काटे वाळल्यावर कठीण होतात आणि गवताच्या पातळ चपलेतून पायात शिरतात.

याचे इंगित सोपे आहे. तलवार घेऊन परमुलखात फिरणारा माणूस सहज ओळखू येतो. विळा आणि खुरपे घेऊन जाणाऱ्याकडे कोण बघतो? त्यातून १५८८ मध्ये तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशाने शेतकऱ्यांकडील तलवारी जप्त करण्याचा हुकूम काढला होता. काळा वेषसुद्धा बहुतांशी नाटकांनी आणि चित्रांनी रूढ केला, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. खरे शिनोबी साधू, व्यापारी, खेळ करणारे अशी सोंगे घेत. फेकायचे शुरिकेन तर एकट्या निंजांचे नव्हेतच; सामुराईंच्या शाळांतही ते शिकवत. चांदणीखेरीज सरळ सळईसारखेही शुरिकेन असे. त्याचा उपयोग बव्हंशी शत्रूला क्षणभर बिचकवून पळ काढण्यासाठी होता.

‘शोनिन्की’त हेराने जवळ बाळगायच्या सहा वस्तू सांगितल्या आहेत: विणलेली टोपी, आकडा लावलेला दोर, लिहिण्याची दगडी लेखणी, औषध, तीन जपानी फूट लांबीचे, म्हणजे सुमारे नव्वद सेंटिमीटरचे फडके आणि विस्तव नेण्याची बांबूची नळी. या सहांत खास मारण्याचे म्हणून एकही हत्यार नाही! हेराचे काम बातमी घेऊन जिवंत परत येण्याचे. लढाईत सापडला तर तो आपल्या कामात चुकला, असेच म्हणायचे.

बायकांचाही उल्लेख ‘बानसेनशुकाई’त आहे. हेर म्हणून पाठवलेल्या बाईला ‘कुनोइची’ म्हणतात. जपानी लिपीतील ‘कु’, ‘नो’ आणि ‘इची’ ही तीन चिन्हे एकत्र लिहिली की ‘स्त्री’ हे अक्षर होते, म्हणून हे सांकेतिक नाव. शत्रूच्या वाड्यात अशा बाईने चाकरीला राहावे, सामानाची पेटी मागवावी आणि दुहेरी तळाच्या त्या पेटीतून माणूस आत घ्यावा, अशी युक्ती तिथे दिली आहे.

आता मुख्य गोष्ट. चित्र पाहून हत्यार चालवू नये. मिझुगुमो म्हणून एक लाकडी गोल चकती ग्रंथात काढली आहे. ती पायांना बांधून निंजे पाण्यावर चालत, अशी समजूत पसरली. प्रत्यक्षात तसे करू जाता माणूस बुडतो. तिच्यावर बसून तरंगत किंवा चिखलातून जात असावेत, असे आता मानतात. चित्रावर विसंबणाऱ्याची ही गत, तर माझ्या मुलाची चूक वेगळी ती काय!

इगा शहरात निंजांचे संग्रहालय आहे. तिथे पाहुण्यांनाही शुरिकेन फेकायला मिळते, पण जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली. जिथे ही विद्या शिकवतात, तिथले नियम मला फार पटले. एका वेळी एकानेच फेकावे. बाकीच्यांनी त्याच्या मागे उभे राहावे. निशाण मऊ लाकडाचे किंवा जाड गवती चटईचे असावे. दगड, वीट, पत्रा यांवर कधीही फेकू नये, कारण ते उलटून येते. सर्वांचे फेकून झाल्याशिवाय कोणी गोळा करायला जाऊ नये. मोजून काढावे, मोजून ठेवावे, खिशात घालून हिंडू नये. लहानांनी रबरी वापरावे. साखळीचा विळा शिकणाऱ्याला आधी लाकडी विळा, साखळीऐवजी दोर आणि वजनाऐवजी कापडी गोळा द्यावा. गंजक्या पत्र्याने लागले, तर हळद भरून स्वस्थ न बसता धनुर्वाताच्या लसीसाठी डॉक्टरांकडे जावे.

हे ऐकताना मला आपली विळी आठवली. विळी काही कमी धारदार नसते. पण आपण ती मुलांपासून जन्मभर लपवून ठेवत नाही. पाटावर पाय कसा ठेवायचा, बोटे कुठे धरायची, उठताना पाते आडवे करायचे, हे आपल्या आईने आपल्याला शिकवले. मी मुलाला धपाटे दिले, पण शिकवले काहीच नव्हते. ती चूक माझी.

आता आमच्या मागील दारी पेंढ्याचे निशाण आहे आणि रबरी चांदण्या आहेत. नियम मुलाने स्वतःच्या हाताने लिहून दाराला लावले आहेत. तो माझ्याबरोबर वहिनींकडे जाऊन माफी मागून आला. त्यांची मुलगी आता खेळायला येते आणि तिचा नेम त्याच्याहून चांगला आहे.

जाता जाता एक सांगते. ‘निंजा’ शब्दातील पहिले अक्षर दोन चिन्हांचे आहे: वर पाते आणि खाली हृदय. त्याचा अर्थ सहन करणे, धीर धरणे. ‘बानसेनशुकाई’तही हत्यारांच्या आधी शुद्ध मनाचे प्रकरण घातले आहे. त्या दिवशी वहिनींनी जो धीर धरला, तो मला या अक्षरात दिसला. त्यांची मी ऋणी आहे. लेखात काही उणे असेल, ते भगिनींनी सांभाळून घ्यावे.