‘मालक’ या शब्दाची कुळकथा

दाराशी आलेल्या परक्या माणसाला घरातील स्त्रीने ‘मालक घरी नाहीत’ असे सांगावे आणि त्या उत्तरात सांगणारीला वा ऐकणाराला काही विपरीत वाटू नये, इतका हा शब्द मराठी संसारात मुरलेला आहे. मूळचा अरबी असलेला हा शब्द फारसी दफ्तरांच्या वाटेने आपल्याकडे आला. ज्याची मिळकत त्याच्या ताब्यात तो मालक, एवढाच त्याचा अर्थ. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रांतात या शब्दाला महसुली कागदांतही मानाचे स्थान होते: मालगुजार हा गावाचा मालक, आणि जो मालगुजाराचे कूळ नसून आपल्या जमिनीच्या तुकड्याचा स्वतः धनी असे, तो ‘मालिक-मकबूजा’. शेताचा आणि स्त्रीचा धनी एकाच शब्दाने ओळखला जावा, याला मी भाषेतील योगायोग मानीत नाही. मात्र सारा दोष अरबीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. संस्कृतातील ‘पति’ म्हणजेही स्वामीच, ‘भर्ता’ म्हणजे पोसणारा, आणि ‘भार्या’ म्हणजे जिला पोसावयाचे ती.

पतीला देव मानावयाचे तर त्याचे वर्तनही देवाला शोभेसे नको काय, असे बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून विचारले होते. परंतु पोसण्याच्या मुद्द्याचे खरे उत्तर नागपुरातच मिळाले. 20 जुलै 1942 रोजी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली येथे दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली, 20-25 हजार स्त्रिया जमल्या, आणि घटस्फोटाचा हक्क व बहुपत्नीत्वाची बंदी मागणाऱ्या त्याच व्यासपीठावरून गिरण्यांत व विडी कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांसाठी रजेची मागणीही झाली. जिच्या मजुरीवर घराची चूल पेटते, तिला ‘भार्या’ कोणत्या तोंडाने म्हणावयाचे? पत्नीने पतीची बरोबरीची मैत्रीण व्हावे, दासी होऊ नये, असे बाबासाहेब आंबेडकरांनी त्या स्त्रियांना सांगितले.

31 मार्च 1951 रोजी मालगुजारी कायद्याने संपली आणि गावाचा मालक गेला. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने बहुपत्नीत्व गेले आणि घटस्फोटाचा हक्क आला. घरातला मालक मात्र बोलण्यात अजून तसाच आहे. तेव्हा भगिनींनो, यापुढे दाराशी कोणी विचारले, तर नवऱ्याचे नाव घेऊन सांगा की ते घरी नाहीत.