वांद्रे-वरळी सागरी सेतू

वांद्रे-वरळी सागरी सेतू : माहीमच्या उपसागरावरून मुंबई बेटाला पश्चिम उपनगरांशी जोडणारा पूल. अधिकृत नाव राजीव गांधी सागरी सेतू. लांबी सु. ५.६ किमी., मार्गिका आठ. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने तो हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीकडून बांधून घेतला.

मिठी नदी जेथे समुद्राला मिळते त्या माहीमच्या खाडीने मुंबई बेट व उपनगरांचे साष्टी बेट यांना वेगळे ठेवले होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत माहीम ते वांद्रे हा प्रवास तरीने होई. सरकार खर्च करीना, तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले आणि १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे वाहतुकीस खुला झाला. या रस्त्यावर जकात घ्यायची नाही, ही देणगीची अट होती. दादरमधून माहीमकडे जाणाऱ्या लेडी जमशेटजी मार्गाला त्यांचेच नाव आहे. पुढे दीडशे वर्षे दादर, नायगाव, परळ भागातून वांद्र्याकडे निघालेल्या वाहनाला हीच जवळची वाट होती. बेस्टची बस, टॅक्सी आणि मालाचा टेम्पो एकाच रांगेत अडकत.

या कोंडीवर उतारा म्हणून समुद्रातून मार्ग काढण्याचे ठरले. १९९९ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या हस्ते पायाभरणी झाली. अंदाज होता ६६० कोटी रुपयांचा व पाच वर्षांचा. न्यायालयातील याचिका, मच्छीमारांचा विरोध, आराखड्यातील बदल आणि दर पावसाळ्यात खवळणारा समुद्र यांमुळे काम लांबले; खर्च सु. १,६०० कोटींवर गेला. ३० जून २००९ रोजी सोनिया गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले तेव्हा चारच मार्गिका तयार होत्या. आठही मार्गिका २४ मार्च २०१० रोजी खुल्या झाल्या. शिवसेना-भाजप युतीच्या राजवटीत पाया घातलेल्या पुलाला काँग्रेस आघाडीच्या काळात नाव मिळाले, त्यामुळे नावावरून वादही रंगला.

बोलण्यात याला कधीकधी झुलता पूल म्हटले जाते, पण रचना निराळी आहे. हृषीकेशच्या लक्ष्मण झुल्यासारख्या झुलत्या पुलात दोन टोकांच्या मनोऱ्यांवरून मुख्य दोर सोडलेले असतात व त्यांना उभ्या तारांनी रस्ता टांगलेला असतो. येथे तारा मनोऱ्यातून तिरप्या निघून थेट रस्त्याला धरतात. त्यामुळे एका बाजूच्या तारांचा ताण दुसऱ्या बाजूच्या तारा तोलून धरतात. वांद्र्याकडील मनोरा १२८ मी. उंच असून त्याच्या दोन्ही अंगांना २५० मीटरचा एकेक गाळा आहे. या भागात २६४ तारा आहेत. वरळीकडील मनोरा ५५ मीटरचा, तेथील मुख्य गाळा १५० मीटरचा. छायाचित्रांत हेच दिसत असले तरी तारांचा भाग एकूण लांबीच्या मानाने थोडाच आहे. उरलेला पूल खांबांवर ठेवलेल्या काँक्रीटच्या पेट्यांचा आहे. या पेट्या किनाऱ्यावर ओतून, तरंगत्या क्रेन व गँट्रीच्या साहाय्याने जागेवर बसवल्या.

लांब गाळ्यांची गरज पडली ती पुलाखालच्या जलमार्गांमुळे. वरळी व माहीमचे कोळी वरळीची व वांद्र्याची खाडी ओलांडून मासेमारीला जातात. खांब जवळजवळ आले तर भरतीच्या ओढीत होडी त्यांवर आपटते. त्यांच्या मागणीमुळे पुलाची मूळ रेषाही समुद्राकडे सरकवावी लागली. वांद्र्याला टोलनाक्यासाठी केलेल्या भरावाने मिठीचे मुख आवळले, असा आक्षेप २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर जोरात घेतला गेला.

दुचाकी, रिक्षा व पादचारी यांना पुलावर मज्जाव आहे, आणि प्रवासाला टोल पडतो. म्हणजे अवाबाईंच्या फुकट रस्त्यावरची गर्दी कमी झाली ती मोटारवाल्यांपुरती. कॉजवे आजही भरलेलाच असतो.

मुंबई किनारी रस्ता या सेतूला जोडण्याचे काम सप्टेंबर २०२४ व जानेवारी २०२५ मध्ये दोन टप्प्यांत पुरे झाले. त्या जोडपुलाच्या वेळीही वरळीच्या क्लीव्हलँड बंदरावरील कोळ्यांनी दोन खांबांमध्ये २०० मीटर अंतर मागितले होते. आराखड्यात ते ६० मीटर होते. आंदोलनानंतर डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने १२० मीटर मान्य केले.