पोवाडा आणि परीक्षक: पुस्तकपरीक्षणाची कुळकथा

भाजे गावातून मान वर केली की लोहगड आणि विसापूर दोन्ही नजरेत येतात. समोर इंद्रायणीच्या खोऱ्यापलीकडे कार्ल्याचा डोंगर. लोहगड 1665 च्या पुरंदर तहात मोगलांकडे गेला आणि 1670 मध्ये शिवाजी महाराजांनी तो परत घेतला. कार्ल्यापाशी जानेवारी 1779 मध्ये कॅप्टन स्टुअर्ट हा इंग्रज अधिकारी पडला. शत्रू असूनही त्याच्या शौर्यावर खूष होऊन मराठ्यांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले. त्याच महिन्यात जवळच्या वडगावला इंग्रजांना नमते घेऊन तह करावा लागला. मार्च 1818 मध्ये विसापूर आणि लोहगड दोन्ही इंग्रजांच्या ताब्यात गेले. ज्या मुलखातल्या माणसांना ‘मावळे’ हे नाव मिळाले आणि ज्यांच्या पराक्रमावर शाहिरांनी डफ वाजवला, तो हा मुलूख.

या पराक्रमाच्या कथा पद्यात सांगितल्या गेल्या. तुळशीदासाने सिंहगडावरच्या तानाजीचा पोवाडा गायला, अज्ञानदासाने अफझलखानाच्या वधाचा आणि अनंत फंदीने खर्ड्याच्या 1795 च्या लढाईचा. त्यांचा बरेवाईटपणा त्या काळी ठरवीत होता तो समोर बसलेला श्रोता. अज्ञानदासाला सोन्याचा तोडा आणि घोडा बक्षीस मिळाल्याचे परंपरेत सांगतात. बक्षीस हाच अभिप्राय होता. पोवाडा रंगला तर गोंधळी तो पुढच्या गावी नेई, नाही रंगला तर तो विसरला जाई. कवीच्या पश्चात, त्याच्या माघारी, कागदावर त्याच्या काव्याचा निवाडा लिहिणारा माणूस या व्यवस्थेत कुठेच नव्हता. तो माणूस मराठीत आला कुठून, आणि आल्यावर त्याने पोवाड्याचे काय केले, याची ही हकिगत.

त्याचे मूळ घर स्कॉटलंडमध्ये आहे. 1802 मध्ये ‘एडिंबरो रिव्ह्यू’ हे त्रैमासिक निघाले. नव्या पुस्तकाचे निमित्त करून लांबलचक निबंध लिहायचा, लेखाखाली नाव घालायचे नाही आणि निर्णय मात्र न्यायाधीशाच्या थाटात द्यायचा, ही रीत या त्रैमासिकाने रुजवली. त्याचा संपादक फ्रान्सिस जेफ्री व्यवसायाने वकील होता. वॉल्टर स्कॉटचे ‘मार्मियन’ हे कथाकाव्य 1808 मध्ये आले तेव्हा जेफ्रीने त्यावर कडक लेख लिहिला. पुढच्याच वर्षी, मुख्यतः राजकीय विरोधातून, ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’ हे प्रतिस्पर्धी त्रैमासिक उभे राहिले आणि ते उभे करण्यात स्कॉटचाही हात होता. 1817 मध्ये ‘ब्लॅकवुड्स’ मासिक आले. पुढची पन्नास-साठ वर्षे इंग्रजी कवींचे भवितव्य या पानांवर ठरत राहिले.

ते कसे ठरे हे टेनिसनच्या उदाहरणावरून नीट कळते. 1833 मध्ये ‘क्वार्टर्ली’त क्रोकरने त्याच्या कवितांची निर्दय खिल्ली उडवली. त्याच वर्षी जिवलग मित्र हॅलम वारला. या दोन्ही आघातांनंतर टेनिसनने 1842 पर्यंत नवा संग्रह काढला नाही. 1842 च्या संग्रहात राजा आर्थरच्या मृत्यूची कथा होती. ‘क्वार्टर्ली’तच जॉन स्टर्लिंगने लिहिले, की इतक्या जुन्या दंतकथेशी आजच्या वाचकाचे मन जुळत नाही. टेनिसनला ते लागले आणि आर्थरचा विषय त्याने कित्येक वर्षे बाजूला ठेवला. अखेर 1859 मध्ये ‘आयडिल्स ऑफ द किंग’चा पहिला भाग निघाला. त्याचे भरघोस स्वागत करणारा लेख आला तोही ‘क्वार्टर्ली’तच. लेखक होते ग्लॅडस्टन, जे पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झाले.

या वादांच्या मुळाशी एकच प्रश्न होता. कथाकाव्याने जुन्या वीरांकडे जावे की आजच्या माणसाकडे? मॅथ्यू आर्नल्डने 1853 मध्ये आपल्या कवितांच्या प्रस्तावनेत जुन्या, भव्य कृतींची बाजू घेतली. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगने ‘ऑरोरा ली’त आपल्याच काळातली एक स्त्री कवयित्री नायिका केली. जानेवारी 1857 मध्ये ‘ब्लॅकवुड्स’ने त्या काव्याला झोडपले आणि त्याच महिन्यात ‘वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू’त जॉर्ज एलियटने त्याचा गौरव केला. 1869 मध्ये रॉबर्ट ब्राउनिंगचे ‘द रिंग अँड द बुक’ पूर्ण झाले. रोममधल्या एका जुन्या खून खटल्याची कथा वीस हजारांहून अधिक ओळींत सांगणाऱ्या या काव्याला ‘अथेनियम’ साप्ताहिकाने त्या पिढीतल्या श्रेष्ठ कृतीचा मान दिला.

ही त्रैमासिके मावळ ओलांडून पुण्यात पोचली ती एका वेगळ्या वाटेने. मेकॉलेचे जे निबंध आपल्याकडचे विद्यार्थी उत्तम गद्याचा नमुना म्हणून वाचत, ते मुळात ‘एडिंबरो रिव्ह्यू’मधली पुस्तकपरीक्षणे होती. मिल्टनवरचा त्याचा प्रसिद्ध निबंध 1825 मध्ये तिथेच आला. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झाले आणि इंग्रजी शिकलेल्या पहिल्या मराठी पिढीच्या हाती हे लेखन आले. पुस्तकाचे निमित्त करून समाजाशी बोलता येते, हे तिला या निबंधांनी शिकवले.

1858 मध्ये पुणे ते खंडाळा आगगाडी सुरू झाली, 1863 मध्ये भोर घाटाचा रुळमार्ग पुरा झाला. इंद्रायणीच्या खोऱ्यातून, भाज्याच्या डोंगरासमोरून, मुंबईचे छापील कागद पुण्याला आणि पुण्याचे मुंबईला जाऊ लागले. मराठी पुस्तकपरीक्षणाची पुढची सगळी घडामोड या दोन शहरांत झाली.

मराठीत आधी काहीच नव्हते असे मात्र नाही. दादोबा पांडुरंगांनी 1865 मध्ये ‘यशोदा पांडुरंगी’त मोरोपंतांच्या केकावलीची गुणदोषांसह चर्चा केली होती. नव्या पुस्तकांची नियमित दखल घेणारे मोठे व्यासपीठ मिळाले ते जुलै 1867 मध्ये. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांनी मुंबईत ‘विविधज्ञानविस्तार’ सुरू केले. हे मासिक पुढे 1937 पर्यंत चालले. लेखकांनी पुस्तक अभिप्रायार्थ पाठवायचे, मासिकाने पोच द्यायची आणि योग्यतेप्रमाणे परीक्षण छापायचे, हा आजही चालू असलेला शिरस्ता अशा मासिकांनी मराठीत पक्का केला. गुंजीकरांना स्वतःला शिवकाळाची ओढ होती. त्यांची ‘मोचनगड’ ही मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी 1871 पासून याच मासिकातून क्रमशः आली.

मग 1869 साल उजाडले. लंडनचे परीक्षक ब्राउनिंगवर लिहीत होते त्याच वर्षी पुण्याच्या परिसरातून शिवाजी महाराजांवर दोन कथाकाव्ये बाहेर पडली. एक महादेव मोरेश्वर कुंटे यांचे ‘राजा शिवाजी’, दुसरा जोतीराव फुले यांचा ‘छत्रपती शिवाजीराजे भोसले यांचा पवाडा’. नायक एक, काळ एक, मुलूख एक. तरी ही दोन पुस्तके वेगळ्या वाचकांशी बोलत होती.

कुंटे शिक्षक होते, इंग्रजी आणि संस्कृत दोन्हींचे जाणकार. ‘राजा शिवाजी’चे सहा भाग 1869 ते 1871 या काळात निघाले. संस्कृत अलंकारांच्या ओझ्यातून मराठी कविता सोडवावी आणि ती लोकांच्या बोलीत लिहावी, असा त्यांचा प्रयत्न होता. काव्य मराठीत आणि त्याला जोडलेली, आपली काव्यदृष्टी सांगणारी लांब प्रस्तावना मात्र इंग्रजीत! या एका गोष्टीत त्या काळाची सारी ओढाताण दिसते. कथा मावळ्यांच्या भाषेत सांगायची आणि तिचे समर्थन ‘एडिंबरो’ आणि ‘क्वार्टर्ली’ वाचलेल्या माणसापुढे त्याच्या भाषेत करायचे. त्या प्रस्तावनेचा फारसा उपयोग झाला नाही. समकालीन टीकाकारांनी कुंट्यांच्या ग्राम्य शब्दांवर बोट ठेवले आणि काव्याची थट्टा झाली. ज्या बोलीसाठी कवीने धाडस केले होते, तीच त्याचा दोष ठरली.

फुल्यांनी परीक्षकाचा विचार केलाच नाही. कुणबी, माळी, महार, मांग या लोकांच्या उपयोगी पडावे म्हणून सोपी भाषा वापरल्याचे त्यांनी आपल्या प्रस्तावनेत सांगितले. शिवाजी महाराजांना त्यांनी कुळवाडी-भूषण म्हटले. रयतेचा राजा म्हणून महाराजांची कथा छापील पोवाड्यात आली ती इथे. शिष्ट नियतकालिकांच्या वर्तुळात तिला मान मिळाला नाही. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त फुल्यांच्या लेखनावर जी टीका केली, तिचा मोठा भाग व्याकरण आणि शुद्धलेखन यांवर खर्ची पडला. पुस्तकात काय म्हटले आहे याचा सामना करण्याऐवजी ते कसे लिहिले आहे यावर निकाल देऊन मोकळे होण्याची सवय मराठी परीक्षणाला तेव्हापासून लागली.

हे लिहिताना चिपळूणकरांचे मोठेपण विसरून चालणार नाही. जानेवारी 1874 मध्ये त्यांनी ‘निबंधमाला’ काढली आणि सात वर्षांत तिचे 84 अंक, बहुतेक एकहाती, लिहिले. ‘ग्रंथावर टीका’ हा स्वतंत्र निबंध लिहून परीक्षण म्हणजे काय याचा मराठीत मुद्देसूद विचार त्यांनी केला. ‘विद्वत्व आणि कवित्व’ या निबंधात पांडित्य आणि प्रतिभा यांची फारकत करून दाखवली. जॉन्सन आणि मेकॉले त्यांच्या रोजच्या वाचनात होते आणि त्यांच्या वाक्यांचा डौल तिथूनच आला होता. मराठी गद्याला त्यांनी धार दिली. ती धार कोणावर चालली हाही त्याच इतिहासाचा भाग आहे आणि दोन्ही गोष्टी एकत्रच सांगायला हव्यात.

इंग्रजी कथाकाव्य थेट मराठीत आले ते 1884 मध्ये. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी टेनिसनच्या ‘द प्रिन्सेस’वरून ‘इंदिरा’ हे काव्य रचले. हे कीर्तिकर म्हणजे पुढे भारतीय औषधी वनस्पतींवरच्या मोठ्या ग्रंथामुळे प्रसिद्ध झालेले वैद्यकतज्ज्ञ. मूळ काव्याचा विषय स्त्रियांचे विद्यापीठ काढणारी राजकन्या. योग असा, की 1884 मध्येच पुण्यात मुलींची हुजूरपागा शाळा सुरू झाली. लंडनमध्ये 1847 साली कल्पनारम्य वाटलेला विषय पुण्यात दारावर येऊन उभा होता.

या सगळ्या काळात गोंधळी पोवाडे गातच होते. त्यांना छापील रूप देण्याचे काम केले ते पुण्याचे शंकर तुकाराम शाळिग्राम आणि इंग्रज सनदी अधिकारी हॅरी अ‍ॅकवर्थ यांनी. अ‍ॅकवर्थ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते आणि माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमाशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. दोघांनी गोंधळ्यांच्या तोंडून पोवाडे उतरवून घेतले. ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हा त्यांचा संग्रह 1891 मध्ये निघाला. 1894 मध्ये अ‍ॅकवर्थ यांनी निवडक पोवाड्यांचा इंग्रजी पद्यानुवाद लंडनहून प्रसिद्ध केला. त्यात अफझलखानाचा वध आणि सिंहगड हे दोन्ही पोवाडे आहेत.

इंग्रज वाचकाची या पोवाड्यांसाठी आधीच तयारी झालेली होती. पर्सीने 1765 मध्ये जुनी इंग्रजी लोकगाणी छापली, स्कॉटने सरहद्दीवरची गाणी गोळा केली, मेकॉलेने 1842 मध्ये प्राचीन रोमच्या वीरकथा मुद्दाम लोकगीताच्या चालीत रचल्या. खडबडीत भाषेत, वेगवान चालीत सांगितलेली लढाईची कथा हे खरे काव्य असू शकते, हे तिथल्या परीक्षकांनी केव्हाच मान्य केले होते. म्हणून कुंटे आणि फुले यांच्याकडे जो ग्राम्यपणा दोष ठरला, तोच तुळशीदासाकडे जोम ठरला. लोहगडाच्या पायथ्याशी गायल्या जाणाऱ्या काव्याला सुशिक्षितांच्या दरबारात जागा मिळायला एक वळसा लंडनवरून घ्यावा लागला. ही बाब मराठी टीकेला भूषणावह नाही.

पुढचे काम मराठी माणसांनी जोमाने उचलले. जळगावला नारायण नरसिंह फडणीसांनी 1887 मध्ये केवळ कवितेला वाहिलेले ‘काव्यरत्नावली’ मासिक काढले होतेच. यशवंत नरसिंह केळकरांनी ‘ऐतिहासिक पोवाडे’चा पहिला खंड 1928 मध्ये प्रसिद्ध केला. पोवाडा इतिहासाशी कुठे जुळतो, कुठे फारकत घेतो आणि शाहीर ती का घेतो, हे प्रश्न त्यांनी एकेक पोवाड्याला विचारले. कवितेला तिच्या स्वतःच्या अटींवर तपासण्याची ही पद्धत 1869 मध्येच हाती असती तर ‘राजा शिवाजी’ आणि फुल्यांचा पवाडा या दोघांनाही अधिक चांगला वाचक मिळाला असता.

मावळातल्या शाळांनी एक गोष्ट सहज करून पाहावी. शिवजयंतीला गावात पोवाडा होतो, मुले तो ऐकतात आणि घरी जातात. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांना त्याचे परीक्षण लिहायला सांगावे: कथा कुठे रंगली, कुठे रेंगाळली, कोणता प्रसंग गाळला, लोहगडाबद्दल शाहिराने जे सांगितले ते खरे होते का. सोबत फुल्यांच्या पवाड्याची आणि शाळिग्राम-अ‍ॅकवर्थ संग्रहाची एकेक प्रत शाळेच्या कपाटात ठेवावी. शुद्धलेखनाचे गुण त्या परीक्षणाला देऊ नयेत.